निर्णय एकाचा, किंमत कोणाची?

श्रद्धेचा रोजच्या वागण्याशी संबंध काय, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा युद्ध, इच्छामरण अशा मोठ्या विषयांकडे वळते. पण असे प्रसंग माणसाच्या वाट्याला क्वचित येतात. रोज येतात ते साधे. घरकामाला येणाऱ्या बाईला चहा कोणत्या कपात द्यायचा? खोली भाड्याने देताना आडनाव विचारायचे का? ख्रिस्ती नीतिविचाराची कसोटी लागते ती अशा जागी. ती कशी लागते, हे पाहण्यासाठी आपल्या ओळखीच्या एका मराठी घरात जाऊ. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे.

त्याआधी मूळ शिकवण थोडक्यात. शेजाऱ्यावर प्रेम करावे हे ठीक, पण शेजारी म्हणायचे कोणाला, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले. येशूने व्याख्या दिली नाही, गोष्ट सांगितली. लुटारूंनी मारून टाकलेला एक माणूस वाटेवर पडला होता. याजक आणि लेवी त्याला टाळून पुढे गेले. थांबला तो शोमरोनी, म्हणजे ज्याच्याशी यहुदी लोक संबंध ठेवत नसत असा माणूस. योहानाच्या शुभवर्तमानात तर येशू विहिरीवर एका शोमरोनी बाईकडेच प्यायला पाणी मागतो आणि ती चकित होते. पाणी, भांडे आणि विटाळ यांची ही कथा मराठी घराला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

लक्ष्मीबाईंचे माहेर कडक सोवळ्याचे होते. बाजारातून आलेला जिन्नससुद्धा धुतल्याशिवाय त्यांच्या वडिलांना चालत नसे. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या सोवळे पाळणाऱ्याच होत्या. पुढे त्या पतीकडे परत आल्या, तरी काही काळ आपले जेवणखाण त्यांनी वेगळे ठेवले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा बदल कसा घडला ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. जात देवाने केली की माणसाने, याचा त्यांनी स्वतःच्या मनाशी विचार केला. ती माणसाने केली असे पटल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा यानंतरचा, १९०० सालचा. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी पाण्याचा प्रश्न सुटला, मग धर्मांतर झाले.

याच्या शेजारी टिळकांचा १८९५ चा निर्णय ठेवून पाहू. तो प्रामाणिक होता, याविषयी शंका नाही. पण तो त्यांनी पत्नीला विश्वासात न घेता घेतला. त्यानंतरचा वियोग, लोकांची बोलणी आणि लहान मुलाची काळजी हे सारे लक्ष्मीबाईंनी सोसले. निर्णय एकाच्या सदसद्विवेकाचा, किंमत दुसऱ्याने मोजलेली. शेजारी म्हणजे वाटेवरचा अनोळखी जखमी माणूसच असे नाही. आपल्या घरातले माणूसही शेजारीच असते, आणि कित्येकदा आपण त्यालाच ओलांडून पुढे जातो. टिळकांविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे म्हणता येते, कारण ते म्हणण्याचे बळ लक्ष्मीबाईंच्याच पुस्तकाने आपल्याला दिले आहे.

पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचा अनुयायी भारतीय साधूसारखा राहू शकतो, परक्या पैशावर विसंबण्याची त्याला गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. ठरावीक मिळकत थांबल्याची झळ याही वेळी घराला लागणारच होती. फरक इतकाच की आता लक्ष्मीबाई त्याच श्रद्धेच्या वाटसरू होत्या. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी.

बाप्तिस्मा घेतला की पेला आपोआप बदलतो, असे मात्र समजू नये. गोव्यात ख्रिस्ती समाज शतकानुशतके नांदत आहे, तरी तिथल्या काही कॉन्फ्रारियांचे सभासदत्व जातीवरून ठरत आले. उपासना एक आणि पंगत वेगळी, हा दोष कोणत्याच धर्माच्या घराला नवा नाही. श्रद्धा वारशाने मिळू शकते. वागणे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.

या घराकडून रोजच्या वापरासाठी दोन प्रश्न घेता येतील. पहिला लक्ष्मीबाईंचा: मी पाळतो तो नियम देवाचा, की माझ्या सोयीचा? दुसरा त्यांच्या सोसण्यातून आलेला: माझ्या तत्त्वाची किंमत कोण मोजणार आहे? म्हाताऱ्या आईची सेवा हे कर्तव्य, असे मुलगा अभिमानाने सांगतो. रात्री उठते ती सून. बचत हा सद्गुण खरा, पण तो अनेकदा मोलकरणीच्या पगारातून साधला जातो. दोन्ही ठिकाणी तत्त्व चांगलेच आहे. चुकला आहे तो हिशेब.

हे प्रश्न विचारायला ख्रिस्ती असण्याची अट नाही. ख्रिस्ती माणसाला मात्र ते टाळता येत नाहीत. त्याच्या प्रभूने पाणी मागितले ते परक्या बाईच्या भांड्यातून. तिला दाराबाहेर वेगळ्या कपात चहा देणाऱ्याने ती विहीर एकदा आठवून पाहावी.