लिंकरला न दिसणारी नावे

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे गाव मराठी व कानडी या भाषांच्या सीमेवर वसलेले आहे. तेथील एखाद्या दप्तरात दोन्ही भाषांतील कागद आहेत आणि केवळ मराठी जाणणाऱ्या कारकुनाने त्याची सूची केली, अशी कल्पना करावी. कानडी कागद दप्तरात असूनही सूचीत येणार नाहीत. आणि सूचीवर विसंबणारा अभ्यासक ते नाहीतच, असा निर्णय देईल. प्लगइनमुळे उद्भवणाऱ्या लिंकरच्या एका नेहमीच्या दोषाचे स्वरूप असेच आहे.

प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीत यंत्रभाषेतील आज्ञांसमवेत सिंबॉलांची, म्हणजे फंक्शने व चल यांच्या नावांची, सारणी असते. जीसीसी कंपायलरच्या 4.5 या आवृत्तीत (2010) संपूर्ण प्रोग्रामचे इष्टतमीकरण लिंकच्या वेळी करण्याची सोय झाली. पुढे 4.9 पासून (2014), लिंकरला प्लगइनचा आधार असेल तेथे, या पद्धतीच्या फाइलींत यंत्रभाषेऐवजी केवळ कंपायलरची मध्यभाषा ठेवण्याचा प्रघात पडला. तीतील नावे लिंकरला वाचून दाखविणे हे प्लगइनचे कार्य होय.

अशा फाइली प्लगइनविना चालणाऱ्या 'एआर'ने संग्रहात घातल्या, तर संग्रहाच्या सूचीत त्यांची नावे येत नाहीत. लिंकर संग्रहातील घटक सूची पाहूनच उचलतो. परिणामी फंक्शन लिहिलेले असूनही 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही तक्रार येते. विद्यार्थी मग निर्दोष प्रोग्राम पुनःपुन्हा तपासतो, किंवा कंटाळून इष्टतमीकरणच बंद करतो. दुसरा मार्ग अधिक घातक. कारण त्याने त्रुटी नाहीशी होते, परंतु प्रयोगातील मोजमापांचा अर्थही बदलतो.

परीक्षा सोपी आहे. एकाच संग्रहावर प्रथम 'एनएम' व नंतर 'जीसीसी-एनएम' चालवावे. पहिल्यात नसलेले नाव दुसऱ्यात दिसल्यास दोष प्रोग्रामचा नसून सूचीचा आहे. 'जीसीसी-एआर'ने संग्रह पुन्हा बांधला, की तो दूर होतो.

नाव दोहोंतही दिसत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे. उदाहरणार्थ, फंक्शनाबाहेर लिहिलेल्या असेंब्ली-आज्ञांतील उल्लेख कंपायलरला कळत नाही. त्या नावाचा कोणी उपयोग करीत नाही असे समजून तो ते गाळतो. तेथे संबंधित व्याख्येस 'यूज्ड' हे विशेषण जोडावे लागते.

तात्पर्य, लिंकरचे 'नाही' हे उत्तर वस्तूविषयी नसून सूचीविषयी असते. म्हणून प्रोग्रामात हात घालण्यापूर्वी सूची कोणी केली व त्यास कोणती भाषा वाचता येत होती, हे पाहणे इष्ट.