नावापुढची अक्षरे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दवाखान्याच्या पाटीवर किंवा हिशेबतपासनिसाच्या शिक्क्यात नावापुढे ओळीने मांडलेली अक्षरे पाहून सामान्य माणूस एक तर दिपून जातो, नाही तर हा सारा बडेजाव आहे असे समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु ज्यांच्या सल्ल्यावर आपण आपली प्रकृती आणि जन्माची मिळकत सोपवतो, त्यांच्या नावापुढील अक्षरांचा नेमका अर्थ जाणून घेणे हे प्रत्येक विवेकी नागरिकाचे कर्तव्य होय.

गैरसमज : ही सर्व अक्षरे म्हणजे पदव्याच.

वस्तुस्थिती : विद्यापीठाची पदवी एकदा मिळाली की सामान्यतः आजन्म टिकते; व्यावसायिक संस्थेचे सभासदत्व मात्र तिच्या नोंदवहीत नाव असेपर्यंतच टिकते. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यान्वये, विहित शुल्क न भरणाऱ्याचे किंवा गैरवर्तनाबद्दल दोषी ठरलेल्याचे नाव नोंदवहीतून कमी करता येते, आणि ते कमी झाले की परीक्षा उत्तीर्ण झालेली असूनही स्वतःला ‘सी. ए.’ म्हणवून घेण्याचा अधिकार उरत नाही. याउलट, १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निसर्गाची आवड असणाऱ्या कोणालाही वर्गणी घेऊन सभासद करून घेते. हे सभासदत्व अभिमानास्पद खरेच, परंतु तो प्राणिशास्त्रातील प्रावीण्याचा दाखला नव्हे.

गैरसमज : ‘फेलो’ म्हणजे वरची परीक्षा उत्तीर्ण झालेला.

वस्तुस्थिती : ‘एफ’ या अक्षराचे मोल संस्थेगणिक बदलते. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये १८४३ च्या राजसनदेने निर्माण झालेले ‘एफ. आर. सी. एस.’ हे पद सामान्यतः परीक्षेनेच मिळते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये ‘एम. आर. सी. पी.’साठी परीक्षा असते, पण ‘एफ. आर. सी. पी.’साठी निवड होते. आपल्याकडे भारतात किमान पाच वर्षे अखंड व्यवसाय केलेला ‘ए. सी. ए.’, म्हणजे सनदी लेखापालांच्या संस्थेचा असोसिएट सभासद, अर्ज करून आणि शुल्क भरून ‘एफ. सी. ए.’ होऊ शकतो. त्यासाठी नवी परीक्षा नसते. रॉयल सोसायटीचे फेलोपद तर केवळ कर्तृत्वाच्या बळावर, निवडीनेच लाभते, आणि ते मिळवणारे पहिले भारतीय होते मुंबईचे जहाजबांधणी अभियंते आर्देशीर करसेटजी वाडिया (१८४१).

गैरसमज : सभासदत्व किंवा पदवी म्हणजेच व्यवसायाचा परवाना.

वस्तुस्थिती : सनदी लेखापालास स्वतंत्र व्यवसायासाठी संस्थेकडून व्यवसाय-प्रमाणपत्र निराळे घ्यावे लागते. कायद्याचा पदवीधरही बार कौन्सिलची सनद घेतल्यावाचून वकील होत नाही, आणि सनद घेतल्यानंतर त्याने पूर्णवेळ पगारी नोकरी पत्करली, तर सर्वसाधारण नियमाप्रमाणे तेवढ्या काळापुरती वकिली थांबवावी लागते.

गैरसमज : ही अक्षरे निव्वळ शोभेची.

वस्तुस्थिती : ज्या अक्षरांमागे कायदा आणि शिस्तपालनाची यंत्रणा उभी असते, ती अक्षरे धारण करणाऱ्यास उत्तरदायी बनवतात. सनदी लेखापालाने दिलेल्या प्रमाणपत्रावरील १८ अंकाक्षरांचा ‘यूडीआयएन’ हा ओळख-क्रमांक पाहा : पहिले दोन अंक वर्षाचे, पुढील सहा सभासद-क्रमांकाचे; संस्थेच्या संकेतस्थळावर तो घालून दाखल्याचा खरेखोटेपणा कोणासही पडताळता येतो. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनीही डॉक्टरांना दवाखान्यात, औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवर नोंदणी-क्रमांक देण्याचे बंधन घातले आहे.

तेव्हा वाचकांनी अक्षरे किती आहेत हे मोजण्यापेक्षा ती कोणत्या संस्थेने दिली, परीक्षेने, निवडीने की केवळ वर्गणीने दिली, आणि नाव आजही नोंदवहीत आहे काय, एवढे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आपल्या व्यवसायाशी इमान राखणारा माणूस त्यांची उत्तरे देण्यात कमीपणा मानत नाही. जो उत्तर टाळतो, त्याच्या हाती आपले काम सोपवू नये.