कोकणात घर घ्यायचे, पण कोणत्या वाडीत?

साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या मुंबई-पुण्यातील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांत एक विचार हमखास डोकावतो. शहरातील सदनिका विकावी किंवा भाड्याने द्यावी आणि दापोली, गुहागर, मालवण किंवा वेंगुर्ल्याकडे कुठेतरी समुद्राजवळ कौलारू घर घेऊन उरलेले आयुष्य निवांत घालवावे. मग रविवारच्या अंकातील जाहिराती चाळल्या जातात, दिवाळीच्या सुट्टीत एक-दोन फेऱ्या होतात, एखादे गाव आवडते आणि इसाराची रक्कम दिली जाते. गाव निवडले म्हणजे ठिकाण निवडले, असे या घाईत गृहीत धरले जाते. कोकणात मात्र खरी निवड गावाची नसते, वाडीची असते. एकाच गावातील दोन वाड्यांत अर्ध्या किलोमीटरचे अंतर असते. पण एकीत मे महिन्यातही विहिरीला पाणी असते आणि दुसरीत मार्चअखेर टँकरची वाट पाहावी लागते. एकीत रात्री आजारी माणसाला मोटारीत बसवून थेट तालुक्याला नेता येते, तर दुसरीत त्याला पाखाडीच्या शे-दीडशे पायऱ्या खुर्चीत बसवून उतरवावे लागते. आयुष्यभराची पुंजी घालून केलेला हा व्यवहार सहजासहजी उलटवता येत नाही. गावातले घर विकायला काढले तरी गिऱ्हाईक मिळायला वर्षे लागतात आणि तोवर शहरातील घरांचे भाव हाताबाहेर गेलेले असतात.

म्हणून जमिनीचा पोत आधी समजून घ्यायला हवा. कोकणातील किनारी गाव साधारणपणे पट्ट्यापट्ट्यांनी वसलेले असते. समुद्रालगत पुळण, तिच्यामागे नारळी-पोफळीची आगरे, आगरांना चिकटून गावातील जुनी घरे आणि मुख्य रस्ता, मग भाताची खाचरे, त्यामागे डोंगरउतार आणि सर्वांत वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. खाडीकाठच्या गावात पुळणीऐवजी खाजण असते आणि खारे पाणी अडवणारा बंधारा असतो. यातील प्रत्येक पट्ट्याचे सुख वेगळे आणि दुखणेही वेगळे.

जुन्या लोकांनी घरे बांधली ती बहुधा आगरांच्या मागे. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. माडांची आणि पोफळींची दाट रांग खारा वारा अडवते आणि वाळूत मुरलेल्या पावसाच्या पाण्यावर विहिरी चालतात. समुद्र घरातून दिसत नाही. पण त्याची गाज रात्रभर ऐकू येते. गुहागरचा खालचा पाट आणि वरचा पाट, दिवेआगर किंवा श्रीवर्धनची आगरवस्ती पाहिली की ही रचना लक्षात येते. शहरातून येणाऱ्याला मात्र समुद्र खिडकीतून दिसायला हवा असतो. म्हणूनच आज सड्यावर आणि उतारावर प्लॉट पाडले जातात आणि ‘सी व्ह्यू’ या दोन शब्दांसाठी जास्तीचा दर मोजला जातो.

सड्यावरून दिसणारा समुद्र अप्रतिम असतो, यात शंका नाही. पण सडा म्हणजे कातळ. तिथे झाड लावायचे तर सुरुंगाने खड्डा पाडून बाहेरची माती भरावी लागते. पावसाळ्यात तिथे वारा थेट अंगावर येतो, उन्हाळ्यात दगड तापतो आणि दगडांच्या सांदीत फुरसे हमखास आढळते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील लस उपलब्ध असते का, हा प्रश्न सड्यावर घर बांधणाऱ्याने पहिल्याच भेटीत विचारायला हवा.

पाण्याचे गणित

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इतका पाऊस असलेल्या प्रदेशात पाण्याची टंचाई कशी, हे कोडे पाहुण्याला उलगडत नाही. उत्तर जांभ्यात आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झरझर खाली उतरते आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते. मग उताराच्या कुशीतून झऱ्यांच्या आणि पऱ्यांच्या रूपाने बाहेर पडून समुद्राला मिळते. चार महिने धो-धो कोसळलेले पाणी डोंगर धरून ठेवत नाही. दिवाळीत खळाळणारा पऱ्या होळीला कोरडा पडलेला असतो. त्यामुळे सड्यावरच्या आणि उताराच्या वरच्या अंगाच्या वाड्या फेब्रुवारी-मार्चपासून पाण्याच्या चिंतेत असतात, तर उताराच्या पायथ्याशी, जिथे तो चिकणमातीचा थर उघडा पडतो, तिथल्या विहिरी मेपर्यंत टिकतात.

किनाऱ्यालगतच्या वाळूत गणित निराळे असते. तिथे पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ढोबळमानाने, विहिरीतील गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल, तर खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडे पाणी मिळते. याचाच उलटा अर्थ असा, की पंपाने उपसा करून वरची पातळी थोडीशी जरी खाली नेली, तरी खालून खारे पाणी कितीतरी वेगाने वर चढते. पूर्वी रहाटाने किंवा लाटेने पाणी काढले जाई, तेव्हा हा तोल सांभाळला जात होता. आता शेजारी एखादे हॉटेल उभे राहिले आणि त्याने खोल कूपनलिका मारून दिवसरात्र पंप चालवला, तर संपूर्ण आळीच्या विहिरी मचूळ होऊ शकतात. एकदा मचूळ झालेली विहीर पुढच्या पावसाने लगेच सुधारेल, याची खात्री नसते. आगरात घर पाहताना त्या घराच्या विहिरीबरोबरच शेजारच्या रिकाम्या जागेचा मालक कोण आणि त्याचा बेत काय, हेही विचारावे लागते ते यासाठी.

विहिरीची परीक्षा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावी. त्यातले पाणी चाखून पाहावे. दलाल दिवाळीनंतरच्या भेटीचा आग्रह धरतात, त्यामागे हवेपेक्षा पाण्याचे कारण अधिक असते!

वारा, उतार आणि कागद

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत नारळी-पोफळीची झाडे आडवी झाली, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गेले आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीला तडाखा देऊन गेले. पोफळीचे झाड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. ज्या आगरांची ढाल गेली, तिथली घरे आज पूर्वीपेक्षा अधिक उघडी आहेत. कौले की काँक्रीटचा स्लॅब, या वादाचा निकाल प्रत्येक वाडीत वेगळा लागतो. घरामागे झाडांची रांग शाबूत असेल तर कौले पुरेशी होतात, उघड्यावर असेल तर नाही. लोखंडी गज, ग्रिल आणि बिजागऱ्या समुद्राजवळ काही वर्षांतच गंजून फुगतात, हा खर्चही हिशेबात धरलेला बरा.

उताराचा धोका वेगळ्या जातीचा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावात दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. तळिये किनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या कुशीत आहे. पण उतारावर अतिवृष्टी झाली म्हणजे माती भिजून काय होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. किनारी टेकड्यांवर आज यंत्रांनी डोंगर कापून सपाट टप्पे काढले जातात. कापलेल्या भागाच्या तळाशी उभे राहून वर पाहावे. पाणी झिरपत असेल, वरची झाडे वाकलेली असतील, भेगा दिसत असतील, तर तिथून परतावे. प्लॉटमधून एखादा पऱ्या जात होता आणि तो बुजवला आहे का, हे शेजारच्या वाडीतील म्हातारी माणसे बिनचूक सांगतात.

कागदपत्रांत शहरी माणूस सर्वांत जास्त फसतो. कोकणातील अनेक गावांत वेगळे असे गावठाण जवळजवळ नाहीच. घरे वाड्यावाड्यांत, शेतजमिनीतच वसलेली आहेत. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय, काही अपवाद वगळता, शेतजमीन विकत घेता येत नाही. बिनशेतीच्या नियमांत अलीकडे वारंवार बदल झाले आहेत. त्यामुळे चार वर्षांपूर्वी घर घेतलेल्या मित्राचा अनुभव प्रमाण मानण्यात अर्थ नाही. सातबारा पाहताना नावांची रांग मोजावी. तीन पिढ्यांची वाटणी न झालेल्या जमिनीवर वीस-पंचवीस नावे असणे कोकणात नवलाचे नाही आणि त्यातील एखादा सहहिस्सेदार मुंबईत, एखादा बडोद्याला, तर एखाद्याचा पत्ताच नसतो. ‘इतर हक्क’ या रकान्यातील कुळाची नोंद, विहिरीतील हिस्सा आणि जाण्यायेण्याची वहिवाट यांकडे दुर्लक्ष झाले, तर गडग्याबाहेर पाऊल टाकण्यासाठी न्यायालयात जावे लागते.

किनाऱ्यालगत यात सीआरझेडची भर पडते. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकवस्ती असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर आणि त्याहून विरळ वस्ती असेल तिथे २०० मीटर ना-विकास क्षेत्र. कोकणातील बहुतेक शांत गावे विरळ वस्तीचीच. म्हणजे त्यांना २०० मीटरचा नियम. खाडीकाठी हे अंतर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते. या पट्ट्यातील अधिकृत जुने घर दुरुस्त करता येते, पुन्हा बांधताही येते. पण मूळ जोत्याबाहेर वाढवता येत नाही. ‘नंतर वरती एक मजला चढवू’ हे आश्वासन तिथे पोकळ ठरते. भरतीरेषा म्हणजे पुळणीवर दिसणारी ओली रेघ नव्हे, ती मंजूर नकाशावर आखलेली असते. विकणाऱ्याच्या पावलांनी मोजलेले अंतर कामाचे नाही.

खाडीच्या अलीकडे की पलीकडे

नकाशावर कोकणातील गावे एकमेकांना लागून दिसतात. प्रत्यक्षात मध्ये खाड्या आहेत. दाभोळहून समोरचे धोपावे दिसते. फेरीबोटीने तिथे काही मिनिटांत जाता येते. बोट बंद असेल तर मात्र चिपळूणमार्गे मोठा वळसा घ्यावा लागतो. शेवटची फेरी संध्याकाळी किती वाजता सुटते आणि पावसात ती किती दिवस बंद असते, यावर त्या किनाऱ्यावरचे वैद्यकीय आयुष्य अवलंबून आहे. कोकण रेल्वे १९९८ पासून संपूर्ण मार्गावर धावते. पण ती किनाऱ्यापासून आत आहे. दापोलीला खेड, गुहागरला चिपळूण, मालवणला कुडाळ किंवा कणकवली ही स्थानके; तिथून पुढे एसटी, रिक्षा किंवा स्वतःची गाडी. हृदयविकार, मधुमेह किंवा डायलिसिस घरात असेल तर समुद्रापेक्षा रुग्णालय जवळ असलेले बरे. रत्नागिरी शहराच्या आसपासची गावे, चिपळूणच्या टप्प्यातील गावे किंवा गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत सहज पोहोचता येईल असा सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा पट्टा, हे पर्याय कमी देखणे वाटले तरी वयाच्या सत्तरीत अधिक उपयोगी ठरतात.

शांततेविषयीही एक गैरसमज आहे. मासळी बंदराजवळची वस्ती पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे १ जूनपासून सुमारे दोन महिने, अगदी निवांत भासते. ऑगस्टनंतर पहाटे इंजिनांचा आवाज, लिलावाचा गलबला आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास सुरू होतो. कोळी बांधवांचा तो पोटापाण्याचा व्यवसाय आहे. नंतर आलेल्याने त्याविरुद्ध तक्रार करणे शोभत नाही. पर्यटनाच्या गावांत, तारकर्ली, गणपतीपुळे किंवा काशीदसारख्या ठिकाणी, सोमवार ते गुरुवार आणि शुक्रवार ते रविवार ही जणू दोन वेगळी गावे असतात.

याहून अवघड प्रश्न एकटेपणाचा. गणपतीत किंवा शिमग्यात वाडी पाहिली तर प्रत्येक अंगणात माणसे, ओटीवर गप्पा, पालखीमागे चालणारी पोरे. चाकरमानी परतले की निम्म्या घरांना कुलुपे लागतात. जानेवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी सातनंतर वाडीतून चालत जावे आणि किती घरांत दिवा आहे ते मोजावे. दहा घरांच्या वाडीत दोनच दिवे असतील, तर पाय घसरून पडल्यावर हाक ऐकायला कोण येणार, याचे उत्तर तिथेच मिळते. पाच-सहा घरे नांदती असलेली, चढाची नसलेली, दुकान आणि एसटीचा थांबा पायी गाठता येणारी वाडी जाहिरातीत दिसत नाही. ती चौकशी करूनच सापडते. नव्याने येणाऱ्याला तिथली माणसे वर्षभर जोखतात. ग्रामदेवतेच्या उत्सवाची वर्गणी, पाखाडी साफ करण्याचे श्रमदान, कुणाकडे मयत झाल्यास जाणे यांत तो दिसला, की ‘मुंबैकर काका’ हे नाव चेष्टेचे न राहता आपुलकीचे होते. कुंपणाच्या भिंतीआड ‘गेटेड’ वसाहतीत राहणाऱ्यांना सुरक्षारक्षक मिळतो, पण रात्री दोनला गाडी काढणारा शेजारी तिथे कमीच.

या सगळ्याची पारख करायची तर खरेदीआधी त्याच वाडीत एखादे बंद घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्यावे. त्या मुदतीत मे आणि जुलै हे दोन महिने आलेच पाहिजेत. मेमध्ये विहीर कळते. जुलैत ओटीला झडी बांधलेल्या असतात, भिंतींना ओल चढते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत, वीज दोन-दोन दिवस गायब होते आणि समुद्राची गाज आता नकोशी वाटू लागते. त्या महिन्यात पती-पत्नी दोघांनाही तिथे राहावेसे वाटले, तर सातबाऱ्याचा उतारा काढायला हरकत नाही. दोघांपैकी एकालाच वाटत असेल, तर भाड्याची मुदत आणखी एक पावसाळा वाढवून घ्यावी.