कलप टिकेना, काय करावे?

भगिनींनो, लग्नसराईत लावलेला कलप महिन्याच्या आतच तांबूस का पडतो? निफाडकडच्या कित्येक विहिरींचे जड पाणी, अंगाचा साबण आणि द्राक्षबागेतले ऊन! चोपण जमिनीसारखा साबणही विम्लधर्मी. त्याने केसावरचे खवले उघडतात नि रंग धुपतो. म्हणून कलपानंतर दोन दिवस न्हाऊ नये. पुढे आठवड्यातून दोनदाच, कोमट पाण्याने, सौम्य शांपूने न्हावे. बागेत डोक्याला रुमाल हवाच. केस महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर वाढतात, तेव्हा पुढच्या खेपेस फक्त मुळांनाच कलप लावा. पुरुषमंडळींनाही हेच लागू.

मात्र ‘काळी मेंदी’च्या पुडीत बहुधा पीपीडी हे रसायन असते. दर खेपेस आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून ४८ तास पाहा. खाज आली तर तो कलप वापरू नका. डोळे-ओठ सुजल्यास तडक दवाखाना गाठा.