रुसलेली मोटार

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास हितचिंतकांची वाण पडत नाहीं. कांहीं जण ‘विकून टाका’ म्हणून सांगतात. इतर कांहीं, बॉनेट उघडण्यापूर्वींच तिला काय झालें आहे तें सांगतात. पहिल्यांचें आम्हांस फारसें भय नाहीं. दुसऱ्यांचें ऐकून मात्र गेल्या श्रावणांत आम्हीं आपल्या निवृत्तिवेतनाचा बराच भाग खर्ची घातला, त्याची ही हकीकत.

आमची गाडी १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी. इटलींतील फियाट ११०० या मोटारीची ही कुर्ल्याच्या कारखान्यांत वाढलेली कन्या. चार सिलिंडरांचें १०८९ घनसेंटिमीटरचें एंजिन, कार्ब्युरेटर आणि ठिणगीसाठीं पॉइंट व कॉइल, एवढाच तिचा संसार. संगणकाचा कोठें संबंध नाहीं. शतक पालटतांना तिचें उत्पादन थांबलें आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सीही निघून गेली. आमच्या पुण्याच्या घरीं ती २००१ सालीं जुनीच आली. आमच्या सौभाग्यवतींस चाळिशींत मोटार शिकावयाची होती, आणि त्या हिच्यावरच शिकल्या. आम्हांस अद्याप ती नीट चालवितां येत नाहीं, हें येथेंच कबूल केलेलें बरें.

श्रावणांत एके सकाळीं त्यांनीं सेल्फ मारला; एंजिन गरगर फिरलें, परंतु पेट घेईना. शेजाऱ्यांनीं बॅटरीस दोष दिला. नवी बॅटरी आली. गॅरेजांतील मिस्तरींनीं आधीं प्लग बदलले, मग कॉइल, मग कार्ब्युरेटर खोलून धुतला. दर वेळीं दुपारीं गाडी सुरू होई, बिल चुकतें होई, आणि पुढें एखाद्या सकाळीं पुनश्च तोच प्रकार. बंगळुरास असलेल्या चिरंजीवांनीं फोनवरून निकाल दिला, “बाबा, आतां पुरे. भंगारांत द्या आणि आईला टॅक्सी मागवून देत जा.”

सौभाग्यवती यावर कांहीं बोलल्या नाहींत. दर गुरुवारीं त्या आपल्या थोरल्या बहिणीस गुडघ्याच्या व्यायामासाठीं डॉक्टरांकडे नेतात; तें काम टॅक्सीनेंही झालें असतें. परंतु त्यांनीं किल्ली देवघराच्या फडताळांत, जुन्या पंचांगांखालीं ठेवून दिली. तेव्हां हा प्रश्न मोटारीचा नव्हे, हें आमच्या ध्यानीं आलें.

आम्हीं जन्मभर मुलांस धूर आणि अग्नि यांची व्याप्ति शिकविली. एक असेल तेथें दुसरें असतें, हा अन्वय; एक नसेल तेथें दुसरेंही नसतें, हा व्यतिरेक; दोन्ही जुळल्यावांचून कारण ठरवूं नये. अंगणांतल्या गाडीस तें लावून पाहण्याची बुद्धि मात्र तीन बिलें भरल्यावर झाली!

एंजिनास पेट्रोलमिश्रित हवा लागते, ती दाबली जावी लागते, आणि वेळेवर ठिणगी पडावी लागते. चौकशी यांच्याच क्रमानें करावी. परंतु त्याआधीं सेल्फ फिरतो कीं नाहीं तें पाहावें. नुसता ‘टक्’ असा आवाज होऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली असेल किंवा तिच्या टर्मिनलांवर पांढरी बुरशी चढली असेल. तीस गरम पाणी व ब्रश पुरतो. आमचें एंजिन जोमानें फिरत होतें. म्हणजे बॅटरी निर्दोष होती, आणि नवीचे पैसे व्यर्थ गेले होते.

पुढें पेट्रोल. आम्हीं एक प्लग काढून पाहिला, तो पेट्रोलनें ओला. कोरडा असता, तर पंपाचा पडदा किंवा गाळणी पाहावी लागली असती. आतां पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी ओढून घेतें आणि जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाहीं, म्हणून हा भाग सोडूं नये. (वैशाखांत घाट चढतांना पंपांतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी थांबते, ती गोष्ट वेगळी, त्यावर ओलें फडकें हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय आम्हीं स्वतः पाहिला आहे.)

राहिली ठिणगी. पेट्रोलचा वास उडून जाईपर्यंत थांबलों. मग कॉइलची मधली तार कपडे वाळत घालण्याच्या सुक्या लाकडी चिमट्यांत धरून तिचें टोक एंजिनाच्या धातूजवळ नेलें. या तारेंत कित्येक हजार व्होल्ट असतात. हातानें धरणें म्हणजे आपत्ति. सौभाग्यवतींनीं सेल्फ मारतांच ठसठशीत निळी ठिणगी पडली. प्लगापाशीं मात्र ती पोंचत नव्हती. तेव्हां चोर मध्येंच कोठें तरी होता.

तो सांपडला सौभाग्यवतींमुळें. त्या म्हणाल्या, “अहो, ही दुपारीं कधींच अडत नाहीं. आणि कोरड्या सकाळींही नाहीं. रात्रभर पाऊस झाला म्हणजेच अडते.” एवढी गोष्ट त्यांस कोणीं विचारलीच नव्हती; आम्हींही नाहीं.

त्याच रात्रीं झड थांबल्यावर आम्हीं अंगणांतला दिवा मालवला, बॉनेट उघडलें आणि हात पाठीमागें बांधून उभे राहिलों. त्यांनीं सेल्फ मारला. काळोखांत डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर एक बारीक निळी रेषा सरपटत गेली! झाकणास केसाएवढी चीर होती. तींत ओल धरली कीं ठिणगी प्लगाकडे न जातां आडवाटेनें एंजिनाच्या धातूंत उतरे. झाकण काढून कोरड्या फडक्यानें पुसलें. गाडी तत्काळ सुरू झाली. बंद करून फुलझाडांच्या पिचकारीनें झाकणावर पाण्याचे चार तुषार उडविले, सुरू होईना. पुन्हां पुसलें; झाली. अन्वयही जुळला, व्यतिरेकही.

दुपारपर्यंत झाकण आपोआप सुके, आणि श्रेय त्या दिवशीं बदललेल्या वस्तूस मिळे. कावळा बसण्यास आणि फांदी मोडण्यास एकच गांठ पडली म्हणतात, त्यांतलाच हा काकतालीय न्याय. मिस्तरींस आम्ही दोष देत नाहीं; त्यांच्याकडे गाडी नेहमीं दुपारींच पोंचे.

नाना पेठेंत दोन दुकानें हिंडल्यावर तसें झाकण मिळालें. बिलांच्या दशांशही पैसे पडले नाहींत. घरीं येऊन तें बसविलें. गुरुवारीं पहाटेपासून पाऊस कोसळत होता. सौभाग्यवतींनीं पंचांगांखालची किल्ली काढली आणि पहिल्याच सेल्फास एंजिन लागलें. आम्ही मागच्या बांकावर बसलों. पुढची जागा मेहुणीबाईंच्या गुडघ्यांसाठीं मोकळी ठेवावयाची होती.