एकच औषध, कुत्रा गार, मांजर गरम

मे महिन्यात माजलगावचा पारा चाळिशीपार गेला, की जीभ बाहेर काढून धापा टाकणारी कुत्री जिथं सावली तिथं दिसतात. शस्त्रक्रियेसाठी मॉर्फिन टोचलेला कुत्राही अशाच धापा टाकतो. थर्मामीटर लावला, तर मात्र ताप नसतोच. उलट नेहमीच्या 38-39 अंशांवरून तापमान खाली सरकत असतं.

मग धाप कशाची? शरीर किती गरम असावं, हे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग ठरवतो. अफूच्या कुळातली औषधं, म्हणजे ओपिऑइड, तिथल्या पेशींवरच्या रिसेप्टरना चिकटतात. ही रचना काही अफूसाठी झालेली नाही. शरीर स्वतःच अशी द्रव्यं बनवतं. त्यातलं एन्केफॅलिन 1975 मध्ये ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी ओळखलं. कुत्र्यात मॉर्फिन मेंदूनं ठरवलेला आकडाच खाली आणतं. त्यामुळे चांगलं निरोगी शरीरही मेंदूला तापलेलं वाटतं आणि धापा टाकून ते गार करण्याची धडपड सुरू होते.

मांजराचं गणित उलटं. त्याच कुळातलं हायड्रोमॉर्फोन दिल्यानंतर काही मांजरांचं तापमान कोणताही जंतुसंसर्ग नसताना 40 अंशांच्या वर जातं. ओपिऑइडवर उतारा असलेलं नॅलोक्सोन दिलं, की ते उतरतं.

उंदरांनी तर संशोधकांना आणखी चकवलं. मॉर्फिनची मात्रा लहान असेल तर मोकळा उंदीर तापतो, मोठी असेल तर गार पडतो; जखडून ठेवलेला उंदीर मात्र लहान मात्रेनंही गारच होतो. रिसेप्टर एकाच जातीचे नसतात, हे यामागचं एक कारण. उंदरांमध्ये 'म्यू' रिसेप्टर तापमान चढवतात, 'कप्पा' उतरवतात.

जंगलात हा प्रश्न जिवावर बेततो. गेंड्याला बेशुद्ध करणारं इटॉर्फिन मॉर्फिनच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. पळून तापलेल्या, औषधानं श्वास मंदावलेल्या गेंड्याच्या अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणून पथकं भर उन्हात अशी मोहीम टाळतात आणि त्याच्या अंगावर पाणी ओततात.

शस्त्रक्रियेनंतर घरी आणलेलं मांजर तापलं, तर पशुवैद्यकाला आधी विचारा, कोणतं इंजेक्शन दिलं होतं? आणि घरातली पॅरासिटामॉल त्याला मुळीच देऊ नका. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही. एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.