हळदीच्या पुडीवरचे लेबल : कोणता प्रिंटर घ्यावा?



हिंगोली जिल्ह्याला हळद नवी नाही. पाला कापायचा, हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि पोती भरून वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात न्यायची, ही आपली रीत. आता त्यातली चार-दोन पोती घरीच ठेवून, दळून, पाव किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या पुड्या विकणारी घरेही दिसू लागली आहेत. बचत गटाच्या भगिनी यात पुढे आहेत. २०२४ साली ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे या कामाला हुरूप आला आहे.

पुडी आली की लेबल आले, आणि लेबल आले की प्रिंटरचा प्रश्न आला. “साहेब, कोणता प्रिंटर घेऊ?” असे कोणी विचारले, की मी उलट विचारतो, “महिन्याला लेबले किती लागतात?” कारण खरे उत्तर त्या आकड्यात आहे.

लेबलाचे दोन भाग पाडा

लेबलावरचा काही मजकूर कायमचा असतो : मालाचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, ग्राहकाने तक्रार कोठे करावी ती माहिती आणि शाकाहारी मालाचे हिरवे चिन्ह. काही मजकूर दर खेपेला बदलतो : बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, सर्व करांसह किंमत आणि एका ग्रॅमला पडणारा दर. २०० ग्रॅमची पुडी ६० रुपयांना असेल, तर ग्रॅमचा दर ३० पैसे.

कायमचा भाग रंगीत असतो; तो छापखान्यातून एकदम छापून घ्यावा. रोल तयार करणाऱ्या छापखान्याला सांगून बदलत्या मजकुरासाठी त्याच लेबलावर कोरी जागा सोडावी. ती जागा घरच्या प्रिंटरने, लागेल तेव्हा, लागेल तेवढीच छापावी. सगळाच मजकूर छापखान्यात पाच हजार लेबलांवर छापला आणि पुढच्या महिन्यात भाव बदलला, तर ती लेबले चुलीत घालावी लागतात. वाढीव किमतीची दुसरी चिठ्ठी वरून चिकटवणे नियमात बसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणखी दोन गोष्टी. आवश्यक मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावाच लागतो. मराठी त्यासोबत जरूर घालावी, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. दुसरे, भौगोलिक मानांकनाचे चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यानेच छापावे. हजारो लेबले छापण्यापूर्वी नमुना अन्न व औषध प्रशासनाच्या आणि वैधमापन विभागाच्या कार्यालयात दाखवून घेतलेला बरा.

प्रिंटरचे प्रकार

इंकजेट : हा स्वस्त मिळतो व रंगीत छापतो. पण बहुतेक इंकजेटची शाई पाण्यातली असते. ओला हात लागला किंवा पावसाळी दमट हवा लागली, की अक्षर फुटते. शिवाय शाई महाग पडते आणि काही दिवस यंत्र बंद राहिले की शाई वाळून तोंड बुजते. महिन्याला पन्नास-शंभर लेबलांपुरता ठीक.

लेझर : अक्षर ठसठशीत, पाण्याने न पुसणारे. मात्र तो सुटे कागद घेतो, रोल घेत नाही. आत कागद चांगलाच तापतो, म्हणून लेझरसाठीचेच लेबलकागद घ्यावेत, नाही तर डिंक सुटून यंत्रात चिकटतो. ज्यांच्या घरी मुलांच्या अभ्यासासाठी लेझर आहेच, त्यांनी सुरुवात त्यावरच करावी.

साधा थर्मल : एसटीच्या तिकिटासारखा. शाई लागत नाही, उष्णतेने कागदच काळा होतो. पण ते तिकीट चार दिवस उन्हात ठेवून पाहा, अक्षर उडते. तेलाचा हात लागला तरी उडते. आपली नवी हळद विकायला निघते ती चैत्र-वैशाखात. दुकानदाराने पुड्या दारात मांडल्या आणि तारीख उडाली, तर माल परत येणार. हळदीच्या पुडीला हा प्रकार घेऊ नये.

रिबनचा थर्मल : यात काळी रिबन असते, उष्णतेने तिची शाई लेबलावर उतरते. ऊन-पाणी बऱ्यापैकी सोसते आणि रोलवर भराभर चालते. महिन्याला हजाराच्या घरात लेबले लागणाऱ्याने हाच घ्यावा.

घेताना काय पाहावे

देवनागरी नीट उमटते का, हे आधी पाहावे. इंचाला २०३ ठिपक्यांच्या यंत्रावर बारीक अक्षरातले रफार, वेलांट्या, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. ३०० ठिपक्यांवर स्वच्छ येतात. फक्त आकडेच छापायचे असतील तर २०३ पुरे. दुकानात आपलाच मजकूर नेऊन छापून घ्यावा, दुकानदाराचा नमुना पाहून भुलू नये.

रिबन मेणाची असेल तर ती कागदी लेबलाला चालते. प्लास्टिकच्या लेबलाला मेण व राळ मिश्रित रिबन लागते. छापखान्याला सांगावे, की कोऱ्या जागेवर वॉर्निश मारू नका, नाही तर रिबन धरत नाही. रोलच्या आतली नळी केवढी व लेबल बाहेरच्या बाजूला हवे की आतल्या, हेही यंत्र पाहून सांगावे.

वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत. सेकंदाला १०० मिलिमीटर छापणारे यंत्र ५० मिलिमीटर उंचीची हजार लेबले दहा मिनिटांच्या आत देते. तीच लेबले हाताने, मिनिटाला सहा या हिशेबाने, चिकटवायला पावणेतीन तास लागतात. काम अडते ते चिकटवण्यापाशी.

हिशेब असा करावा

समजा यंत्र १२,००० रुपयांना पडले आणि चार वर्षे चालले. महिन्याला १,००० लेबले असतील तर ४८,००० लेबलांवर खर्च वाटला जाऊन लेबलामागे २५ पैसे पडतात. महिन्याला २०० च असतील तर तोच खर्च सव्वा रुपया होतो. त्यात कोऱ्या लेबलाचा आणि रिबनचा खर्च मिळवावा. ३०० मीटरची रिबन ५० मिलिमीटरचे लेबल व ३ मिलिमीटरची फट धरून सुमारे ५,६०० लेबलांना पुरते. रिबन व छपाईचे डोके जवळ कोठे मिळते, याची चौकशी यंत्राच्या किमतीआधी करावी.

औंढा नागनाथच्या यात्रेत वर्षाकाठी दोन-तीनशे पुड्या विकणाऱ्या घराने यंत्राच्या भरीस पडू नये. छापील लेबल घ्यावे आणि तारीख-किंमत पक्क्या शाईच्या शिक्क्याने कोऱ्या जागेत उमटवावी. गावातल्या तीन-चार गटांनी मिळून एक यंत्र घेतले तरी चालते. परवाना क्रमांक व बॅच मात्र ज्याची त्याची.

यंत्राची निगा

प्रिंटर चक्कीच्या खोलीत ठेवू नये. हळदीची पूड छपाईच्या डोक्यावर बसली की लेबलावर पांढऱ्या रेघा उमटू लागतात. दर रिबन बदलताना, यंत्र बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने डोके पुसावे. नखाने किंवा चाकूने खरवडू नये.

आणि नवे लेबल आले की पहिल्या दहा पुड्या आठवडाभर उन्हात ठेवाव्यात, दोन पुड्यांवर ओला व तेलकट हात फिरवावा. तारीख वाचता आली तरच पुढची हजार छापावीत. मोंढ्यात पोते विकले की आपले नाव तेथेच राहते. पुडी मात्र आपले नाव घेऊन परक्याच्या स्वयंपाकघरात जाते. तेथे ते वाचता आले पाहिजे.